जयसिंगरावांचा डावा हात

जयसिंगराव शितोळे तापट, हे राऊ गावच्या त्या पॅरामेडिकल कॉलेजातला चपराशीसुद्धा सांगेल. पण सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक पोरापोरीने पहिली सुई टोचली ती त्यांच्याच डाव्या हातात. "आधी माझं रक्त काढ, मग पेशंटला हात लाव," हा त्यांचा कायदा.

आणि सोमवारी डायरेक्टर सुनीता मॅडमची नोटीस लागली: ऑनलाइन कोर्सवर सत्त्याण्णव टक्के विद्यार्थी पूर्ण समाधानी, सबब प्रॅक्टिकलची खोली महिनाअखेरीस बंद. जयसिंगरावांचं डोकंच फिरलं. समाधानी? कशावर, मेल्यांनो? व्हिडिओत शीर बोटाला लागते काय?

समोर पलक सापडली. शेवटच्या वर्षाची, रक्त काढणं ऑनलाइनच शिकलेली, पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात लागणार होती.

"तू काय भरलंस गं त्या समाधानाच्या फॉर्मात?"

"पाच स्टार, सर."

"का?"

"खरं सांगू? घरी बसून होतं. समजलं नाही तर वापस लावता येतं. और कोई चिल्लाता नहीं, सर."

हे मात्र वर्मी बसलं. खोटं नव्हतं ना! तोंडाला येईल ते बोलायचे ते पोरांना. म्हणून राग आणखीच चढला, पोरीचा आणि स्वतःचाही. बाही वर सारून ते खुर्चीत बसले. "काढ रक्त. बघू तुझे पाच स्टार!"

पलकने दंडाला रबरी पट्टा बांधला. दोनदा सुई चुकली, तिसऱ्यांदा शीर मिळाली. नळी भरली, आणि बाईसाहेबांनी पट्टा न सोडताच सुई खेचली! रक्त कोपरावरून थेट पँटवर.

"पट्टा! आधी पट्टा सोडायचा! व्हिडिओत नव्हतं?"

"होतं, सर." कापूस दाबता दाबता तिला रडू फुटलं. "चार बार देखा. कुणा म्हाताऱ्या आजींचा हात असता तर?"

तशाच रक्ताळलेल्या पँटनिशी ते तिला घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. पलकच्या हातात सुयांचा ट्रे तसाच होता. तिने घडलं ते सगळं सांगितलं, पाच स्टार परत मागितले.

"फॉर्म शुक्रवारीच बंद झाला, बेटा," मॅडम गोड हसल्या. "रिपोर्टपण वर गेला."

जयसिंगराव तोंड उघडणार, तोच पलकने नव्या सुईचं पाकीट फाडलं.

"ठीक है, मॅडम. मी पूर्ण समाधानी आहे ना? मग बाही वर करा."

मॅडमनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.