येतो म्हणून गेलेला

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मी पलंगावर आडवा पडून पंख्याची पाती मोजतोय. तीन आहेत. परत मोजतो तर चार. म्हणजे झोप आली.

छातीवर कागद आहे, माझी बहीण शकू ठेवून गेलेली. तिच्या लेकीला, मेघाला, ज्यानं मारलं, त्यानं दयेचा अर्ज केलाय. तो फेटाळा, त्याला फाशीच द्या, असं आम्ही घरचे लिहून देतोय. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, माझीच राहिलीय. चार वाजता शकू कागद न्यायला येणार.

"अजून सही नाही व्हय, भाऊ?"

पायथ्याशी केरबा बसलाय. नखं कुरतडतोय. याला जाऊन सोळा वर्षं झाली. जाऊन म्हणजे, मीच नेला, फाशीला. तुरुंगात शिपाई होतो मी. उजवा दंड माझ्या हातात, डावा दुसऱ्याच्या.

"तू कसा काय रे इथं?"

"तुम्हीच म्हणालात की."

खरंय. त्या पहाटे कोठडीतनं निघताना तो म्हणाला, "जातो, भाऊ." आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." आईनं लावलेलं वळण, दुसरं काय! जन्मभर लोकांच्या टोप्या उडवल्या मी, पण तेव्हा थट्टा नव्हती. मोठ्या साहेबांनी मान खाली घातली. केरबा मात्र शहाण्यासारखा म्हणाला, "बरं. येतो."

पलंग नाही आता. आम्ही गल्लीतल्या सलूनमध्ये बसलोय, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. दोघांच्या गळ्याला पांढरं कापड. माझं सैल आहे.

"ही अजून आहे बघा," म्हणत तो मूठ उघडतो. रबराची पाल, शेपूट तुटकी. माझीच. एकदा त्याच्या कोठडीत टाकली होती. दोन पोरं विहिरीत ढकलणारा बाप्या पालीला भिऊन भिंतीला चिकटला! मी हसून हसून खाली बसलो. मग तोही हसला. पाल काही परत दिली नाही त्यानं. त्या पहाटेसुद्धा मुठीत होती. मी बघितलं, काढून घेतली नाही.

"केरबा, आता तरी खरं सांग. पोरं तूच ढकललीस?"

"मीच. सख्ख्या भावाची." खुर्चीतला केरबा बोलतो, आरशातल्याचे ओठ मिटलेले. "बांधावरनं भांडण होतं. काका, काका म्हणून ओरडली. दोनदा."

"मग बरोबरच झालं तुझं."

"मी कुठं नाही म्हणतोय? पण मग दंड सोडा की, भाऊ."

मी खाली बघतो. त्याचा उजवा दंड माझ्या हातात आहे. घट्ट. कातडीखाली बारीक थरथर. बोटं उघडायला जातो, उघडत नाहीत.

शकूच्या स्वयंपाकघरात ऊन आलंय. सलूनच्या खुर्च्या ओट्यापाशी. कुकरची शिट्टी वर उडते, आवाज येत नाही. दारात मेघाच्या चपला, एक उलटी. मला एकदम राग येतो.

"आमची मेघापण येते म्हणूनच गेली होती रे, क्लासला! तिला यायला काय झालं? आणि तू, खुनी, तू येतोस?"

"तिला बसायला जागा कुठाय? तुमच्याकडं मीच बसलोय." तो कागदाकडं बघतो. "आता हा दुसरा निघंल. कुणीतरी त्याचाही दंड धरंल. मग तो शकूताईंकडं येऊन बसंल. रोज. जेवायच्या वेळेला."

ओट्यापाशी तिसरी खुर्ची आहे. मघाशी नव्हती.

"निघू का मी, भाऊ?"

"नीघ."

"काय म्हणू? जातो, का येतो?"

मी तोंड उघडतो. तो थांबलाय. शिट्टी उडतेच आहे.

कडी वाजते.

"दादा! झोपला होतास?" शकू आत आलीय, खांद्याला पिशवी. "झाली का सही?"

"शके, मी नाही करत सही."

ती माझ्याकडं बघत राहते. "थट्टा नको, दादा. आज तरी नको."

"आईशप्पथ, थट्टा नाही."

ती कागद ओढायला वाकते आणि किंचाळून मागं सरते. कागदावर पाल आहे. रबराची. शेपूट तुटकी.

"लाज नाही वाटत रे?" तिचे डोळे भरतात. मी काय सांगणार? जन्मभर गंडवलं सगळ्यांना, आता ही मी ठेवली नाही म्हटलं तर कोण ऐकणार! शकू मटकन पलंगावर बसते. पायथ्याशी, बरोबर तिथंच.

"मेघाला असाच भिववायचास तू," ती म्हणते. "किंचाळायची. आणि मग ते हसणं तिचं... उचकी लागेपर्यंत."

मेघा गेल्यापासूनच्या सात वर्षांत शकू फक्त त्या खुन्याबद्दल बोललीय. त्याचा वकील, त्याची तारीख, त्याचा अर्ज. मेघाचं हसणं आज निघालं. ती बोलत राहते.

कागद बाजूला सारायला म्हणून मी पाल उचलतो.

गरम आहे. कुणाच्या तरी मुठीतनं आत्ताच सुटल्यासारखी.