अजगराची चाचणी फेरी

बस डेपोच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला चिकटून एक खोली होती. दारावर पाटी ‘वेळापत्रक विभाग’, आणि विभागात माणसं मोजून एक. बाई. कोणती गाडी कधी सुटायची, कोणत्या थांब्यावर किती टेकायची, चालकानं चहा कुठं प्यायचा आणि कुठं नुसता वास घ्यायचा, हे सगळं बावीस वर्षं बाईंच्या पेन्सिलीतून उतरत होतं. उंचीनं बाई एवढ्याशा. खिडकीतून डोकावल्या की खालून फक्त कपाळ आणि चष्मा दिसायचा. पण तो चष्मा दिसला की उभी हयात स्टिअरिंग धरलेला माणूसही हातातली विडी टाकून मुकाट गाडीत चढायचा. ‘बाईंनी लिहून दिलं तर मांजरसुद्धा सात सत्तावीसलाच आडवं जाईल,’ असं चालक म्हणायचे. बाई जिन्यावर नाहीत हे पाहून म्हणायचे.

या नोकरीत एक गोम होती. जगाला सुट्टी लागली की जग बसमध्ये बसायला येतं. त्यामुळे ज्या दिवशी शेजारीपाजारी पाय पसरून लोळायचे, त्या दिवशी बाई जादा गाड्यांच्या तंगड्यात तंगड्या अडकणार नाहीत हे बघत डेपोत उभ्या असायच्या. शहराबाहेरच्या खेळनगरीला न्यायचं वचन त्यांनी थोरलीला ती आठ वर्षांची असताना दिलं होतं. तिथं अजगर नावाचा एक झुला होता. हिरव्या रुळांवरून चार वेळा उलटा होणारा, जोडीजोडीनं बसायचा. ‘आपण दोघी शेजारी बसू,’ असं बाई म्हणून गेल्या होत्या. मग एकदा जादा गाड्या निघाल्या, एकदा संप झाला, एकदा पूल खचला आणि एकदा साहेबांच्या पोटात दुखलं. चार वेळा बेत फिसकटला. एव्हाना थोरली अठराची झाली, धाकटा पंधराचा, आणि घरात खेळनगरीचं नाव काढणं म्हणजे जुन्या गळूला बोट लावणं झालं.

थोरलीला परगावी प्रवेश मिळाला. बारा तारखेला ती वसतिगृहात जाणार. बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं आणि त्याच दुपारी साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवला. रविवारची रजा.

साहेबांनी अर्ज उलटा करून पाहिला, मागं काही लिहिलंय का म्हणून. “बाई, घरी सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. म्हणूनच पाहिजे.”

रात्रीच्या जेवणाला बाईंनी कागद काढला. चार रकाने, तांबड्या पेन्सिलीनं आखलेले. पाच दहाला घर सोडणे. सात पंचवीसला फाटक. पुढं बारीक अक्षरात झुले, रांगा, डबा, सावलीत बसणे.

धाकटा मान लांब करून वाचायला लागला. त्याचा आवाज नुकताच फुटला होता, त्यामुळे निम्मं वाक्य बापाचं वाटायचं आणि निम्मं बकरीचं. “नऊ पन्नास, स्वच्छतागृह, सहा मिनिटं, सामूहिक. आई, सामूहिक म्हणजे?”

“सगळ्यांनी एकदम जायचं. एकेक करून गेलात की वीस मिनिटं जातात.”

“आणि मला नऊ पन्नासला लागलीच नाही तर?”

“प्रयत्न करायचा.”

नवऱ्यानं घासाआड हसू लपवलं. तो चपला-बुटांच्या दुकानात विक्रेता होता. दिवसभर दुसऱ्यांच्या पायाशी बसून त्याचा स्वभाव मऊ झाला होता. शिवाय त्याला जिन्याच्या चौथ्या पायरीवरून खाली बघितलं तरी गरगरायचं, म्हणून त्यानं कागदावरची आपली नेमणूक सगळ्यात आधी शोधून काढली होती. अजगर, पिशव्या सांभाळणे, बाबा. तो तृप्त होता.

थोरलीनं मात्र कागदाकडे पाहिलंही नाही. “आई, मला सामान बांधायचंय. मैत्रिणींना भेटायचंय. आता काय लहान आहोत का आम्ही झोपाळ्यावर बसायला?”

“अजगर झोपाळा नाहीये.”

थोरलीचा हात पाण्याच्या भांड्यावर थांबला. बाईंना वाटलं होतं, पोरगी विसरली असेल. पोरगी काहीएक विसरली नव्हती.

“तू बसणार शेजारी?” तिनं विचारलं. “का वर जायच्या आधी डेपोतून फोन येणार?”

“बसणार.”

“मग येते. पण एकच गोष्ट सांगते. तू शेजारी नसशील तर मी तिथून परत बसस्टॉपवर जाईन, आणि बारा तारखेपर्यंत तोंड उघडणार नाही.”

“ती बोलली नाही तर मला चालेल,” धाकटा म्हणाला. त्याच्या पोटरीवर टेबलाखालून लाथ बसली आणि बैठक संपली.

आता डेपोची एक रीत होती. कागदावर कितीही सुबक दिसो, नवा मार्ग चाचणी फेरीशिवाय सुरू करायचा नाही. बाई स्वतः रिकाम्या गाडीत बसून, घड्याळ आणि वही घेऊन तो मार्ग फिरून यायच्या, आणि मगच शिक्का पडायचा. ही रीत त्यांच्या हाडात इतकी मुरली होती की मंगळवारी डेपोत किरकोळ रजा टाकून, घरी मात्र कामाला जाते सांगून, त्या एकट्याच खेळनगरीत दाखल झाल्या. हातात वही, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ, काखेत छत्री.

फाटकापासून सामानाच्या कपाटांपर्यंत चार मिनिटं. कपाटापासून पाण्याच्या घसरगुंडीपर्यंत सहा. बाई घसरगुंडीवर गेल्या नाहीत, बाजूला उभं राहून त्यांनी माणसं किती वेळात खाली येतात ते पाहिलं. फिरत्या कपबशांपाशी त्यांनी तीन फेऱ्या मोजल्या, चढणारी माणसं मोजली, भागाकार केला. कपबशा चालवणारा मिशाळ माणूस बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

“बाई, कुणी हरवलंय का?”

“नाही. तुमची फेरी दोन मिनिटं दहा सेकंदांची आहे. पण माणसं चढवायला तुम्ही तीन मिनिटं घेता.”

मिशाळाचा चेहरा उतरला. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. “वरून आलात का?”

“हो,” बाई म्हणाल्या. वरून म्हणजे वरच्या रस्त्यानं, बसनं, असंच त्यांना वाटलं.

तिथून पुढं काहीतरी विचित्र घडायला लागलं. त्या जिथं जातील तिथली माणसं आधीच ताठ उभी. एकानं झुल्याची कडी फडक्यानं पुसली. एकानं खुर्ची आणली. डोलणाऱ्या जहाजापाशी तर त्यांच्या हातात थंड सरबत आलं आणि कुणी पैसे घेईना. बाईंनी वहीत नोंदवलं, ‘कर्मचारी अतिशय सौजन्यशील’. तपासनीस आलीय अशी आवई त्यांच्या पुढं पुढं धावत होती, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अजगरापाशी मात्र ती आवई आपटली. तिथं दारावर एक दणकट बाई उभी होती, कपाळाला आठ्या, हातात शिट्टी. तिच्या शेजारी भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली आणि पट्टीवर एक तांबडी रेघ. चार फूट सात इंच.

“चपला काढून पाठ टेकवा,” शिट्टीवाली म्हणाली.

“मी फक्त वेळ घेतेय.”

“वेळ घ्या नाहीतर काळ घ्या. दारातून आत जायचं तर पाठ टेकवायची.”

बाईंनी पाठ टेकवली. शिट्टीवालीनं डोक्यावर फळी ठेवली, वाकून पाहिलं, आणि दोन बोटं उभी केली. “एवढ्या कमी.”

“कोण?”

“तुम्ही. आडव्या दांड्याच्या खालून सुटाल. तपासनीस असा नाहीतर मालकाच्या सासूबाई असा, रेघेच्या खाली कुणाला सोडत नाही मी.”

बाई प्रत्येक अर्जावर चार फूट आठ लिहीत आल्या होत्या. मिनिटाच्या बाबतीत ज्यांनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्यांनी इंचाच्या बाबतीत स्वतःला आयुष्यभर सूट दिली होती. ती आता वसूल झाली. आणि वर जखमेवर मीठ असं की त्यांना शिट्टीवालीचा राग येईना. डेपोच्या खिडकीत आपण उभ्या असतो तर हेच केलं असतं, हे त्यांना पुरतं कळत होतं.

संध्याकाळी त्या तडक नवऱ्याच्या दुकानात गेल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

“अहो, उंच बूट दाखवा.”

“अगं, तू इकडे? कुणासाठी?”

“माझ्यासाठी. दोन बोटं वाढली पाहिजेत. आणि वर अर्धं बोट राखीव.”

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. चाचणी फेरी, रेघ, फळी, दोन बोटं. मग हळूच म्हणाला, “पोरीला सांगून टाक ना सरळ.”

“सांगितलं तर ती येणार नाही. ऐकलंत ना तुम्ही, काय म्हणाली ते.”

“पण तिथं चपला काढायला लावतात म्हणतेस.”

“चपला म्हणाली ती. बूट म्हणाली नाही.”

कायदा असा कोपऱ्यात घेतल्यावर नवऱ्यानं हात टेकले. धावायचे जाड तळाचे बूट फळीवरून काढले, प्रत्येकात एकावर एक दोन गाद्या सरकवल्या. बाई उभ्या राहिल्या. दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरची धूळ त्यांना लग्नानंतर प्रथमच दिसली. “ती पुसत जा,” त्या म्हणाल्या आणि बदकासारख्या डुलत घरी गेल्या.

रविवारी पाच दहाला घराला कुलूप लागलं. सात पंचवीसला चौघं फाटकात. नऊ पन्नासला सामूहिक प्रयत्न झाला आणि यशस्वीही झाला. धाकट्यानं घसरगुंडीवर कोपर सोलून घेतलं, त्यासाठी कागदावर चार मिनिटं ठेवलेलीच होती. थोरली सुरुवातीला दहा पावलं मागून चालत होती, कुणी ओळखीचं भेटलं तर आपण यांच्यातले नाही असं सांगता यावं म्हणून. पण कपबशांत तिला हसू आवरेना, आणि नंतर ती आईच्या बरोबरीनं चालायला लागली. “तू आज उंच दिसतेस,” ती म्हणाली.

“ताठ चालतेय,” बाई म्हणाल्या.

अजगराच्या रांगेत त्या पट्टीकडे बघत नव्हत्या. पट्टी त्यांच्याकडे बघत होती. शिट्टीवालीनं लांबूनच ओळखलं.

“या बाई. पुन्हा तपासणी?”

“पुन्हा म्हणजे?” थोरली म्हणाली.

“मंगळवारी आल्या होत्या की. एकट्याच. घड्याळ लावून सगळं मोजून गेल्या.” शिट्टीवालीची नजर सावकाश खाली उतरली आणि बुटांवर थांबली. “काढा.”

“तुम्ही चपला म्हणाला होतात.”

“बाई.”

एवढ्या एका शब्दानं बाईंचा खटला निकालात निघाला. त्यांनी नाड्या सोडल्या. पाय बाहेर काढताना आतल्या गाद्या मोज्यांना चिकटून आल्या आणि रांगेतल्या लोकांसमोर जमिनीवर पडल्या. धाकट्यानं एक उचलून उजेडात धरली.

“बाबा, हे तुमच्या दुकानातलं आहे.”

“मी फक्त माल दिला,” नवरा म्हणाला.

बाईंनी पाठ टेकवली, फळी आली, दोन बोटं पुन्हा वर झाली. नवऱ्याला राहवेना. “अहो, दोन बोटांचा तर प्रश्न आहे...”

“तुम्ही बोलू नका,” बाई म्हणाल्या. “त्यांचं बरोबर आहे.” मग थोरलीकडे वळल्या. मोज्यांवर उभ्या असल्यानं त्यांना मान बरीच वर करावी लागली. “मला मंगळवारीच कळलं होतं. सांगितलं असतं तर तू आली नसतीस.”

थोरली जमिनीवरच्या गादीकडे बघत होती. मागची रांग कुरकुरायला लागली. बाईंनी बसस्टॉपची दिशा मनातल्या मनात पाहून ठेवली, पोरगी निघालीच तर मागं कोणत्या वाटेनं जायचं म्हणून.

“बाबा, चला,” थोरली म्हणाली.

“कुठं?”

“वर. आईच्या जागी.”

“माझ्याकडे पिशव्या आहेत.”

धाकट्यानं बापाच्या खांद्यावरच्या तिन्ही पिशव्या काढून आईच्या गळ्यात घातल्या. नवरा कत्तलखान्याच्या दारातून मागं वळून बघणाऱ्या रेड्यासारखा एकदा बाईंकडे बघून आत गेला, मागोमाग धाकटाही.

बाई बाकावर बसल्या. पिशव्या गळ्यात, बूट मांडीवर. वर हिरव्या रुळांवर डबे चढले, थांबले, आणि मग जो काही आवाज आला त्यात नवऱ्याचा आवाज त्यांनी बरोबर वेगळा ओळखला.

खाली आल्यावर तो दोन मिनिटं खांब धरून उभा राहिला. मग धाकट्याला म्हणाला, “पुन्हा जायचं का?” आणि खरोखरच दोघं रांगेच्या शेपटाला जाऊन लागले.

थोरली येऊन बाकावर आईला खेटून बसली. “खरं सांगू? मी डोळे मिटले होते. काहीच बघितलं नाही. बाबांचं मनगट असं आवळलं की वळ उठले असतील.”

“मग मी असून काय उपयोग होता?”

“तू सेकंद सांगितले असतेस. किती राहिले ते.”

“अठ्ठेचाळीस आहेत एकूण.”

“मला तर तास वाटला.” थोरली बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिली. कागदाप्रमाणे बारा वीसला जहाज होतं. बारा वीस झाले, बारा तीस झाले. बाईंनी कागद पिशवीतून काढला नाही.

“आई, तिथं नाही जमलं तर? मला परत यावंसं वाटलं तर?”

कुणी असं विचारलं तर काय सांगावं याची तयारी बाईंनी केलेली नव्हती. त्यांना ठाऊक होतं तेवढंच त्या म्हणाल्या. “तिथून इकडं दिवसाला अकरा गाड्या आहेत.”

“तू बघून ठेवल्यास?”

“प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी.”

वरून डबे पुन्हा गडगडत गेले. या खेपेला नवऱ्याच्या ओरडण्यात थोडा आनंद मिसळला होता.

“पहिली कितीला?” थोरलीनं विचारलं.

“सव्वापाचला.”

“आणि शेवटची?”

“पावणेदहा. पण ती कधी वेळेवर सुटत नाही,” बाई म्हणाल्या. “त्या डेपोत वेळापत्रक कोण बघतं देव जाणे.”