सात चाळीसचा हुकूम

लातूर नवा जिल्हा झाला आणि तिथल्या माजी सैनिकांच्या कार्यालयात मला कारकुनाची जागा मिळाली. मी हिमायतनगरचा, लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेश दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेला. रुजू झालो त्या साली दुष्काळ होता. टँकर आला की आमच्या फाटकापर्यंत घागरींची रांग लागायची. आत भिंतीवर जिल्ह्यातल्या शहिदांचा फलक रंगवायचा होता. नावं ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख होते मेजरसाहेब. त्यांना त्या खुर्चीत बघून माझं डोकं फिरलं.

कारण यादीत लान्स नायक धोंडिबा शिंदे नव्हता. रेणापूर तालुक्यातला हा माणूस आणि मी सरहद्दीवर एकाच गस्तीच्या तुकडीत होतो. साहेब तेव्हा कॅप्टन, मागे पोस्टवर. त्या सकाळी धुक्यात दहा यार्डांपलीकडचं दिसत नव्हतं. मी बिनतारी सेटवरून तसं कळवलं. सात चाळीसला त्यांचा आवाज आला.

"आगे बढ़ो. ओवर."

मी हुकूम धोंडिबाला सांगितला. तो गेला. नाल्याच्या काठावर त्याचा पाय सुरुंगावर पडला. चौकशीत साहेबांनी सांगितलं की हुकूम दिलाच नव्हता, धोंडिबा आपल्या मनाने गेला. म्हणून तो शहिदांत धरला गेला नाही. माझ्या लॉगचं, संदेशांच्या नोंदवहीचं, पान कोरं होतं. बोटं गारठली होती, म्हटलं मागाहून लिहू. सिग्नलवाल्याने असं कधी म्हणायचं नसतं. ती चूक माझी होती. साहेबांचा राग येतो तेवढाच मला माझाही येतो.

फलकाच्या आधी साहेबांना हौस आली, कॉलेजच्या कॅडेटांपुढे एक जुनी लढाई टेबलावर वाळू पसरून खेळून दाखवायची. ल्युट्झेन, जर्मनी, सोळाशे बत्तीस. त्या लढाईत स्वीडनचा राजा घोडदळ घेऊन धुक्यात शिरला आणि मारला गेला. साहेब राजाच्या बाजूने खेळणार आणि त्याला वाचवून दाखवणार. शत्रू मी. पंच सुभेदार शेख, उदगीरचे, सरळ माणूस.

मांजरा नदीचं पात्र कोरडं पडलेलं, वाळूला तोटा नव्हता. पण कोरड्या वाळूत त्या लढाईतल्या रस्त्याकडेचे खंदक ढासळत होते. साहेबांनी दोन बादल्या पाणी शिंपडायला सांगितलं. बाहेर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. मी पाणी आणलं नाही. कडब्याची धाटं चिरून खंदकांना आधार दिला. पायदळाला चिंचोके, घोडदळाला कवड्या, धुक्याला पिंजलेला कापूस. साहेब म्हणाले की तुला हुकूम पाळायची सवय राहिली नाही. मी म्हटलं, पाळायची आहे, फक्त आता लेखी लागतो.

तसा नियमच मी घालून घेतला. प्रत्येक हुकूम चिठ्ठीवर, लढाईतल्या वेळेसकट, खाली सही, आणि चिठ्ठी पंचाकडे. चिठ्ठीशिवाय कवडी हलणार नाही. साहेबांना नियम आवडला. कॅडेटांना शिस्त कळेल म्हणाले.

दुपारी दोनला खेळ सुरू झाला. साहेब खेळायला तरबेज, हे कबूल करतो. पाऊण तासात माझी डावी बाजू त्यांनी पार मोडून काढली. मग त्यांनी राजासकट सगळं घोडदळ कापसात घातलं. सुभेदारांनी कापूस उचलला. खाली खंदकात माझे बंदूकवाले चिंचोके ओळीने बसलेले होते. फासा पडला. सात कवड्या गेल्या, त्यात राजाची एक.

कोणीतरी कॅडेट हसला. साहेबांचा चेहरा उतरला.

"मी यांना थांबायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "ही तुकडी आपल्या मनाने गेली."

तेच शब्द.

सुभेदारांनी चिठ्ठी काढून सावकाश वाचली. "राजा, सगळं घोडदळ, पुढं. अकरा वीस. खाली सही तुमचीच हाय, साहेब."

मी उभा राहिलो. "त्या दिवशी चिठ्ठी नव्हती, साहेब. लॉग मी लिहिला नाही, ती माझी चूक. पण सात चाळीसला आवाज तुमचा होता."

साहेब म्हणाले, बस खाली. मी बसलो नाही. एक कोरी चिठ्ठी घेतली, सात चाळीसचा हुकूम त्यावर लिहिला, खाली धोंडिबाचं नाव घातलं आणि पेन्सिलीसकट त्यांच्यापुढे ठेवली. वीस कॅडेट बघत होते. साहेबांनी सही केली नाही. चिठ्ठी फाडलीही नाही. टोपी उचलली आणि निघून गेले. आमची नजरानजर पुन्हा कधी झाली नाही.

"न्हाई म्हणले न्हाईत," सुभेदार म्हणाले आणि साक्षीदार म्हणून त्यांनी स्वतःची सही केली. ती चिठ्ठी आम्ही समितीपुढे ठेवली. त्या बैठकीला साहेब आले नाहीत. बाकीच्यांनी नाव मंजूर केलं. फलकावर ते सगळ्यात शेवटी आहे, जागा कमी पडल्यामुळे अक्षरं जरा बारीक.

साहेबांच्या सहीशिवायची ती चिठ्ठी माझ्याजवळ आहे. लॉगचं पान मात्र कोरंच राहिलं, म्हणून ते इथे भरतो. वेळ सात चाळीस. लान्स नायक धोंडिबा शिंदे हुकमाप्रमाणे पुढे गेला.