दोघंबी हरायला बसलो

आधी कबूल करा की हसणार न्हाय, मग सांगतो. माझं ठरत आलेलं लगीन बुद्धिबळाच्या पटावर मोडाय निघालं हुतं. आणि मोडणारा कोण? मीच की!

महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. शुक्रवार पेठेत एका माडीवर आमचं बुद्धिबळ मंडळ भरायचं. मंडळ म्हंजे काय, एक जाजम, दोन पट, आणि खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचीच तोंडं जास्त! आबाकाकांनी माझ्यासाठी कुरुंदवाडचं स्थळ आणलेलं. पोरगी मी जत्रंत बघितलेली. तवापास्नं एका जागी बूड टेकंना माझं!

आणि एक दिवस पोरीचे वडील, बापूसाहेब, मला बघायला थेट मंडळातच आले.

काकांनी मला बाजूला वढलं. "सखा, पावणं खेळाचं लई शौकीन हाईत. गुमान हरायचं. सासऱ्याला हरवलंस तर पोरगी इसर! आणि पाय हलवू नगंस."

"व्हय काका."

बसलो. डाव जरा रंगला तसा मी माझा वजीर सरळ त्यांच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला. घ्या म्हटलं!

बापूसाहेबांनी वजिराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कडंचं एक प्यादं हळूच फुडं सारलं.

दिसला नसंल. मग हत्ती दिला. घेईनात. घोडा दिला. घेईनात! वर त्यांनी आपलाच वजीर माझ्या प्याद्याच्या माऱ्यात आणून उभा केला. आता आली का पंचाईत? मारावा तर सासरा जातोय! मी आपला खिडकीतनं रस्त्यावरचं टांगं बघत बसलो.

अंगाला नुसत्या मुंग्या. उठावं वाटतंय, पळावं वाटतंय. पाय लागला की हलाय! काकांनी मागनं असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी!

"अरं, मार की वजीर!" मंडळी वरडाय लागली. बघणाऱ्यांतल्या तांबोळीचाचांनी कपाळावर हात मारला. "ह्यो डाव हाय का लग्नातला मानपान?"

शेवटी बापूसाहेब उठलेच. "पोरगं दिसाय बरं हाय, आबा. पर फुकटचा वजीर दिसंना त्येला! आमच्या लेकीचा संसार काय करणार?"

गेली की हो पोरगी! शरम सोडून वरडलो, "दिसतोय की वजीर! तुमास्नी हरवायचं न्हाय म्हणून काकांनी बजावलंया!"

बापूसाहेब जागच्या जागी थांबले.

"आत्ता गं बया! अवो, मीबी हरायलाच आलतो! आमच्या घरात स्थळ पसंत हाय. जावयाला हरवून आलासा तर दार उघडणार न्हाय म्हणालीया आमची कारभारीण!"

माडी हसून दणाणली. काकांनी तिथल्या तिथं साखर मागवली, तोंडं गोड झाली, लगीन ठरलं!

एवढ्यावर गप बसावं का न्हाय माणसानं? पर मला कुठला दम! छाती फुगवून म्हटलं, "मामा, आता एक डाव खराखुरा होऊन जाऊ द्या."

झाला. जिभंवरची साखर विरघळायच्या आत त्यांनी मला मात दिली. तीबी प्याद्यानं! भर मंडळात!

बापूसाहेबांनी मायेनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "जावईबापू, लगीन ठरलंय आता. अजून कशापायी मुद्दाम हरताय?"

मान खाली घालून म्हटलं, "तुमचा मान हाय, मामा."