आकाशगंगेचा चिवडा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दिवाळीनंतरच्या रविवारी, बेंगळुरात जयनगरातल्या आमच्या राहत्या घरी, माझ्या नवऱ्याने चार घरांचे चिवडे एकाच डब्यात ओतले.

हा माणूस मूळचा बेळगावकडचा, वाढला बेंगळुरात. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ताटांतून आलेला फराळ वेगवेगळा ठेवायचा असतो, हे त्याच्या गावीही नाही. "डबे स्वल्प कमी झाले की नाही?" असं वर मलाच विचारतो. त्यात माझा नागपुरी चिवडा होता! मी रीतसर शोक मांडणार होते, पण त्या दिवशी घरात शोकाला आधीच एक विषय होता.

नागपूरहून माझा दादा आला होता, मुलीला परत न्यायला. ही भाची आमच्याकडे राहून संशोधन करते. आकाशगंगेच्या चपट्या तबकडीभोवती जुन्या ताऱ्यांचा एक विरळ, गोलसर पसारा आहे, त्याला प्रभामंडळ म्हणतात. ते कसं तयार झालं, हा तिचा विषय. दादाचं म्हणणं, पुरे झालं, आता घरी येऊन बँकेच्या परीक्षा दे. संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं तो काढूनच आला होता. पोरीचे डोळे सकाळपासून लाल, आणि मी, जिला एरवी बोलताना आवरावं लागतं, नुसती चहावर चहा टाकत होते.

दादा तो डबा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला आणि बकाणे भरता भरता भाषण देऊ लागला.

"समजा, कळलं कसं तयार झालं. मग? त्या ताऱ्यांचं लोणचं घालणार काय तू?"

"बाबा, तुम्ही काय खाताय?"

"चिवडा."

"कुणाचा?"

दादा चावता चावता थांबला. माझा भाऊ रडण्याला बधत नाही, पण चिवड्यात त्याची परीक्षा घेतली की तो सरसावून बसतो. त्याने डोळे मिटले, चिमूट चिमूट तोंडात टाकू लागला.

"हा गोडसर. पुण्याचं कोणी राहतं का इथं?"

"वरच्या मजल्यावर," मी म्हणाले.

"ह्याला खोबरेल तेलाचा वास आहे."

"समोरच्या मंगळूरच्या अक्का!"

"ह्यात लसूणच लसूण."

"होय की, आमच्या ताईचा," नवरा अभिमानाने म्हणाला.

"आणि हा जाळ काढणारा आपला," दादाने निकाल दिला आणि नाक पुसलं.

"दिसायला तर सगळे पोहेच ना?" भाची पुढे सरकली. "डब्यात पार मिसळलेत. कोणता पोहा कुठे पडलाय, यावरून काही कळणार नाही. पण एकानेही आपल्या कढईची चव सोडलेली नाही. तारे तसेच, बाबा. आपल्या आकाशगंगेनं लहान लहान दीर्घिका, म्हणजे आजूबाजूच्या छोट्या आकाशगंगाच, गिळल्या. त्यांचे तारे प्रभामंडळात विखुरले. मला ते चाखता येत नाहीत, म्हणून मी त्यांचा प्रकाश फोडून बघते. लोखंड किती, मॅग्नेशियम किती. लहान दीर्घिकेत तारे सावकाश घडतात, त्यामुळे तिथल्या बऱ्याच ताऱ्यांत लोखंडाच्या मानानं मॅग्नेशियम कमी असतं. त्यावरून अंदाज येतो, हा घरचा की बाहेरून आलेला."

"गिळल्या म्हणजे?"

"म्हणजे गिळल्या. अख्ख्या."

"बाप्पा! किती?"

"एक मोठी गिळली, यावर बहुतेकांचं एकमत आहे. बाकीच्यांवरून भांडणं चालू आहेत."

"काहून? अजून कोणालाच ठाऊक नाही?"

"नाही."

दादाचा हात डब्यातच राहिला. माझ्याकडे, मग खिडकीतून आभाळाकडे, त्याने असं काही पाहिलं, जणू शेजारच्या सभ्य बाईंबद्दल नको ते कानावर आलं आहे. आणि नेमका याच क्षणी माझ्या नवऱ्याचा आतिथ्यधर्म जागा झाला. हातात मोबाइल घेऊन तो म्हणाला, "दादा, स्टेशनला ऑटो बोलावू? रविवारीसुद्धा ट्रॅफिक असतंय."

"थांबा ना हो जावईबुवा!" दादा खेकसला. "ही आभाळातली बया गिळून बसली आहे, आधी कोणाकोणाला गिळलं ते माझ्या पोरीला शोधू तर द्या!"