खालच्या बायकांची रांग

मास्तरांनी आपल्या वृंदातून कधी कुणाला काढलं नाही, याचं लोकांना फार कौतुक होतं. मला त्या कौतुकाचा आता संताप येतो. पण वीस वर्षं ते ऐकून मीही मान डोलावत होते, त्यामुळे माझ्या संतापाला तशी किंमत नाही.

मास्तर म्हणजे पाणीखात्याच्या मीटर-दुरुस्ती विभागातले कारकून. दिवसभर नादुरुस्त मीटरची नोंद करायची, आणि मंगळवारी-शुक्रवारी कचेरी सुटली की कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून चाळीस माणसांसमोर उभं राहून हात हलवायचे. खात्याचा गायकवृंद त्यांनीच उभा केला. मी हिशेब तपासनीस, आणि लहानपणी पियानो शिकलेली. कँटीनच्या कोपऱ्यात एक जुना पियानो पडून होता, त्यावर लोक ट्रे ठेवत. मास्तरांनी तो पुसला आणि मला म्हणाले, "बाई, बसा." मी बसले ती बसलेच.

त्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नऊ वर्षांचे असताना शाळेच्या गाण्याच्या बाईंनी त्यांना कान धरून रांगेबाहेर काढलं होतं. सगळ्या शाळेसमोर, पालक बसलेले असताना. चप्पल दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, बाप शेवटच्या बाकावर बसलेला, आणि त्याने ते पाहिलं. मास्तर पुढे हट्टाने गाणं शिकले, स्वरलिपी शिकले, चार आवाजांची रचना करायला शिकले. पण तो कान त्यांना शेवटपर्यंत दुखत होता. आपण कुणाला असं काढायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मग बेसूर माणसाचं काय करायचं? त्यावर मास्तरांनी स्वतःचा तोडगा काढला. तालमीत ते रांगांच्या मागून फिरायचे, कान देऊन. एखादा आवाज खटकला की त्या माणसाच्या खांद्यावर मागून दोन बोटं ठेवायचे. याचा अर्थ, आजपासून नुसते ओठ हलवायचे. शब्द सगळे, तोंड पूर्ण उघडायचं, श्वास सगळ्यांबरोबर घ्यायचा, फक्त आवाज काढायचा नाही. घरी सराव करायचा, आणि सुधारणा झाली की मास्तर परत मागे येऊन बोटं ठेवतील, तेव्हा गायचं. हे ज्याचं त्याने मनात ठेवायचं. कुणी कुणाला सांगायचं नाही, आणि सांगणार तरी कोण? ही काय मिरवण्यासारखी गोष्ट होती?

कुणाकुणाला बोटं लागली याची नोंद मास्तर ठेवत नसत. मीटरची ठेवायचे, माणसांची नाही. "असलं लिहून ठेवलं की ते कलंकासारखं होतं, बाई," म्हणायचे. मी पियानोवर त्यांच्याकडे पाठ करून बसलेली, म्हणून मलाही माहीत नसे.

एकीचं मात्र मी पाहिलं. ती त्यांची मुलगी.

आम्ही तिला बारकी म्हणायचो. ती चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तालमीच्या दिवशी तिला घरी ठेवायला कुणी नव्हतं. टेबलाखाली बसून अभ्यास करता करता तिला चारी आवाजांच्या चाली पाठ झाल्या. अकराव्या वर्षी मास्तरांनी तिला रांगेत उभं केलं. तिचा आवाज वयाच्या मानाने जाड, म्हणून ती 'खालच्या बायकां'त गेली. बायकांच्या उंच आणि खालच्या आवाजांना आम्ही वरच्या बायका आणि खालच्या बायका म्हणायचो. त्यावरून पुरुषांच्या रांगेत जे विनोद चालत ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

घरी बाप तिला स्वतः शिकवायचा, ट्यूनिंग फोर्क घेऊन. तो दोन दातांचा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा आणि त्या सुरावरून गाणं सुरू. पोरगी हरखून गेलेली असायची. मला सांगायची, "मावशी, बाबा म्हणतात माझा कान त्यांच्यापेक्षा चांगला आहे."

त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी पियानोवरचा दिवा गेला होता, म्हणून मी उजेडासाठी वळून बसले होते. खालच्या बायका गात होत्या आणि त्यात काहीतरी बोचत होतं, साफ, पण वर. मास्तर मागून चालत आले. बारकीच्या मागे थांबले. मला वाटलं पुढे जातील. त्यांनी डोळे मिटले आणि दोन बोटं तिच्या खांद्यावर ठेवली.

ती गप्प झाली. ओठ मात्र चालू राहिले, एक शब्द चुकला नाही. डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, ते गालावर आलं नाही. इतक्या लहान वयात ते कसं जमतं मला माहीत नाही.

तीन आठवड्यांनी पियानो सुरात लावणारा आला. दोन वर्षं त्याला बोलावायचं राहून गेलं होतं, आणि कँटीनची वाफ पियानोला रोज मिळत होती. त्याने स्वतःचा फोर्क काढला, एक पट्टी दाबली आणि हसला. "बाई, हा अख्खाच्या अख्खा जवळजवळ अर्धा सूर खाली बसलाय. सगळा एकसारखा बसलाय म्हणून तुम्हाला कळलं नाही."

 आम्ही सगळे पियानोच्या मागे गेलो होतो. बारकी एकटी घरचा सूर धरून उभी होती. चाळीस जणांमध्ये एकच माणूस बरोबर होता, आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं होतं.

त्याच संध्याकाळी मी मास्तरांना गाठलं. "बारकी चुकत नव्हती, मास्तर. पियानो चुकत होता."

ते बराच वेळ हातातले कागद सारखे करत राहिले. मग म्हणाले, "आत्ता लगेच तिला परत गायला लावलं आणि बाकीच्यांना कळलं, तर त्यांना काय वाटेल? आपली मुलगी म्हणून तीन आठवड्यांत सुटली. बघतो मी. थोडे दिवस जाऊ देत."

थोडे दिवस गेले. मग महिने गेले. मग ते सांगणं अवघड होऊन बसलं, कारण इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. मी एक-दोनदा आठवण केली. ते चिडले नाहीत, नुसते उठून खिडकी लावायला गेले. आणि मी? मी त्या पोरीला सरळ सांगू शकत होते. ती दर मंगळवारी माझ्यासाठी चहा घेऊन यायची. मला मास्तरांशी वाकडं घ्यायचं नव्हतं, माझी पियानोवरची जागा मला प्यारी होती, एवढंच. याला दुसरं गोंडस नाव देत नाही.

बारकी मोठी झाली, पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर म्हणून लागली, आणि दर तालमीला येत राहिली. मूक असलेल्यांचं ते वैशिष्ट्यच होतं. गाणारी माणसं रुसायची, बदली घ्यायची, लग्न करून जायची. ओठ हलवणारी माणसं मात्र वेळेच्या आधी हजर. त्यांना शब्द सगळ्यांत चांगले पाठ, उभं राहणं सगळ्यांत ताठ. परत बोटं लागतील म्हणून थांबलेली. गाणारे एकेक करून गळत गेले आणि हे साचत गेले. हे आज मला दिसतं, तेव्हा कुणालाच दिसलं नाही. प्रत्येकाला फक्त स्वतःचं माहीत होतं.

बारकीला बोटं लागली त्याला सतरा वर्षं झाली, तेव्हा खात्याची शताब्दी आली. नवीन साहेब आले होते. वृंद ठेवायचा की कँटीनची जागा मोकळी करायची, हे कार्यक्रम ऐकून ठरवू म्हणाले. मास्तरांनी जीव ओतून एक नवीन रचना बसवली. सुरुवात खालच्या बायकांची, एकट्यांची, पियानोशिवाय. "खालून पाणी वर चढतं तसं वाटलं पाहिजे," असं ते समजावून सांगायचे.

त्या रांगेत नऊ जणी होत्या. त्यातली टायपिस्ट महिनाभर आधी बदली होऊन गेली, तरी तालमीत फरक वाटला नाही, कारण कँटीनमधल्या स्वयंपाकीणबाई होत्या आणि त्यांचा आवाज भिंती हलवणारा. कार्यक्रमाच्या सकाळी त्यांचा निरोप आला, ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही. मास्तर म्हणाले, "हरकत नाही. सात जणी आहेत."

मुख्य कचेरीचं सभागृह भरलेलं. साहेब पहिल्या रांगेत. मास्तरांनी खालच्या बायकांकडे तोंड केलं, श्वास घ्यायची खूण केली, हात खाली आणला.

सात तोंडं उघडली. एकदम, गोल, सुरेख. आवाज आला नाही.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कानात बोट घालून हलवून पाहिलं. मास्तरांना वाटलं असावं की आपली खूण नीट गेली नाही. त्यांनी हात थांबवले आणि पुन्हा सुरुवात दिली. पुन्हा सात तोंडं उघडली. या वेळी त्या सातही जणींना कळलं होतं. प्रत्येक जणी शेजारणीकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती, आणि तरी एकीनेही आवाज काढला नाही. इतक्या वर्षांची सवय, आणि सांगितलेलं नसताना गायचं कसं?

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. डोळे मोठे केले, मान पुढे काढली, स्वतःच्या तोंडाने शब्द दाखवले. गा. बारकी त्यांच्याकडे सरळ बघत होती. तिचे ओठ हलत होते, शब्द बरोबर होते, तालही बरोबर होता.

मी पियानोवर खालच्या बायकांची ओळ वाजवायला लागले. वरच्या बायका आल्या, पुरुष आले, रचना कशीबशी संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

मागच्या बोळात त्यांतल्या सहा जणी उभ्या होत्या. "तू पण?" "तू कधीपासून?" आधी हसल्या, मग एक रडायला लागली आणि बाकीच्या तिला धरून उभ्या राहिल्या. बारकी त्यांच्यात नव्हती, ती रात्रपाळी आहे म्हणून पंपिंग स्टेशनवर निघून गेली होती. भांडार विभागातल्या वयस्कर बाई मास्तरांसमोर आल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "मास्तर, मी तेवीस वर्षं आले," एवढंच म्हणाल्या आणि कोट घेऊन गेल्या.

मास्तर कोट टांगायच्या खोलीत एका खुर्चीवर बसले होते. "बाई, किती होत्या?"

"सात."

"सगळ्या?"

"सगळ्या, मास्तर."

ते बोटांवर मोजायला लागले. नावं घेत होते, पुरुषांच्या रांगेतली, वरच्या बायकांतली. कुणाला लावली, कुणाला नाही, त्यांना आठवत नव्हतं. मग थांबले. साहेबांना निर्णय घ्यावाच लागला नाही. सोमवारी मास्तरांनी कँटीनच्या हॉलची किल्ली स्वतः नेऊन दिली.

त्यानंतर ते आठ वर्षं जगले. निवृत्त झाले, घराबाहेर फारसे पडेनात. बारकीने लग्न केलं नाही. कामाच्या पाळ्या सांभाळून बापाचं सगळं केलं, औषधं, अंघोळ, शेवटी भरवणं. मी महिन्यातून एकदा जायचे. दोघं एकमेकांशी चांगलं बोलायची, पाण्याच्या दाबाबद्दल, शेजाऱ्यांबद्दल. गाण्याचा विषय त्या घरात निघत नसे.

ते गेले त्याच्या पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरात बसलो होतो, ती कपडे घड्या करत होती. मला ते आणखी पोटात ठेवणं झेपेना. मी तिला पियानोचं सांगितलं. लावणारा आला होता, अर्धा सूर खाली होता, तू बरोबर होतीस, तुझ्या वडिलांना मी त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तुला पंचवीस वर्षं सांगितलं नाही.

तिने घडी पूर्ण केली. "मला माहीत होतं, मावशी."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पियानो खाली होता हे मला त्याच दिवशी ऐकू येत होतं. मला वाटलं, बाबांनाही येत असेल. आज नाही तर उद्या बोलतील."

मी विचारलं, मग शताब्दीच्या दिवशी तुझा आवाज निघाला नाही, तो सवयीने?

"आवाज होता," ती म्हणाली. "पंप चालू असतात तेव्हा मी रोज गाते. तिथे कुणाला ऐकू जात नाही. त्या दिवशी मी काढला नाही. त्यांनी एकदा म्हणायला हवं होतं, बारके, माझं चुकलं. घरी, जेवताना, कधीही. ते न म्हणता नुसते डोळे मोठे केले, आणि मी गायचं?"

 तिने पुढचा सदरा ओढला, तो मास्तरांचा होता, आणि त्याचीही नीट घडी घातली.

"शेवटच्या आठवड्यात म्हणाले," ती म्हणाली. "माझं चुकलं म्हणाले. पियानोचं पण सांगितलं. आणि म्हणाले, एकदा गाऊन दाखव."

"मग?"

"मी म्हटलं, मला येत नाही, बाबा."

तिचा आवाज तेवढ्यावर फाटला. "त्यांना ते खरं वाटलं, मावशी. बरं म्हणाले. तीन दिवसांनी गेले. मला गायचं होतं. मी नंतर गाणार होते."