माझ्या हाताला न लागणारं बी

संशय हा माझा जुना आजार आहे. दूधवाला गेल्यावर मी पातेलं हलवून बघते. टरबूजवाला ‘साखरेसारखं गोड’ म्हणाला की ते टरबूज मी आधी खाली ठेवते. नवरा म्हणतो, संशयाला औषध नसतं हे ऐकलं होतं, पण हिच्या संशयाला पथ्यही नाही. त्यामुळं यंदा आईच्या झिनियाचं बी उगवलं नाही तेव्हा दोष कुणाचा हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. भावजयीचा. दुसरं कोण असणार?

माझ्या माहेरी, तेरला, आईच्या अंगणात जो झिनिया फुलायचा, तसा मी दुसरीकडं पाहिला नाही. लाल नाही, गुलाबी नाही. कांद्याची साल उन्हात धरली की दिसते, तो रंग. धाराशिवात बियांच्या दुकानातल्या पुड्या मी कितीदा आणून लावल्या. पुडीवर सगळे रंग असतात, अंगणात मात्र लालच येतो.

आईचं बी राखण्याचं तंत्र तिचं तिचं होतं. फूल झाडावरच वाळू द्यायचं, पार तपकिरी, कुरकुरीत होईपर्यंत. मग ते सुपात चुरगाळून पाखडायचं. फोल उडून जायचं आणि चपटं, करडं, टोकदार बी मागं राहायचं. ते गोवरीच्या राखेत घालून मडक्यात ठेवायची. माझ्या अंगणातली वाळलेली बोंडंसुद्धा भाऊबिजेला ती मला घेऊन यायला लावायची. तुला राखता यायचं नाही, म्हणायची. उन्हाळ्यात मी माहेरी गेले की त्यातली एक पुडी माझ्या हातावर ठेवायची. मृगाला मी ती पेरायचे आणि वाट बघायचे. एक कोंब यायचा नाही. मग फोन. आई म्हणायची, तुझ्या हाताला बी लागत नाही बाई, पंचमीला ये अन् रोपं घेऊन जा. मी जायचे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं मांडीवर घेऊन एसटीनं परत यायचे. ती मात्र तरारून यायची.

असं वर्षानुवर्षं चाललं. एकदा मी चार बोंडं लपवून ठेवली होती, पण घाईत ती हिरवीच खुडली, तेव्हा त्यांचंही काही झालं नाही. माझा हातच वाईट, हे मला पटलं. लोकांच्या हाताला झाड लागतं, माझ्या हाताला लागत नाही. शेजारणीनं तुळशीचं रोप लावून द्या म्हटलं तरी मी टाळायचे. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, या एका बाबतीत फक्त स्वतःवर घेत आले.

आई हिवाळ्यात गेली. उन्हाळ्यात मी तेरला गेले तेव्हा भावजयीनं फडताळातून पुडी काढून दिली. म्हणाली, आत्याबाईंनी तुमच्यासाठी बांधून ठेवलेली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. पुडी घेताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. भावानं अंगणात फरशी टाकायचं काढलं होतं. फरशी आली की झिनिया गेला, आणि आई नसताना मी तिथं कशाच्या निमित्तानं जाणार? आईमागं माहेर उरतं की नाही, हे बायका एकमेकींना उगीच विचारत नाहीत. मला त्या रंगापेक्षा त्याचीच धास्ती होती. तो रंग माझ्या अंगणात रुजला तर माहेर थोडं तरी माझ्याजवळ राहील, एवढाच माझा हिशेब होता.

म्हणून यंदा नशिबावर सोडायचं नाही असं ठरवलं. आमच्याकडं पेरणीआधी सोयाबीनचं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतात. तसंच मी पुडीतलं थोडं बी ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळलं. दुसऱ्या तुकड्यात दुकानातलं बी ठेवलं. रोज पाणी शिंपडलं. दुकानातल्या बियांना पांढरे कोंब फुटले. आईच्या बियांना बुरशी आली.

म्हणजे हात माझाच, पाणी तेच, गोणपाट तेच. उरलं बी. पुडी पुन्हा उघडून बघितली. बियांना पांढरट काहीतरी चिकटलं होतं. राख म्हणावी तर राख करडी असते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भावजयीनं पुडी बदलली. खरं बी तिनं ठेवून घेतलं आणि मला कसलं तरी जुनाट देऊन वाटेला लावलं. नणंदेचा पाय घरातून तोडायचा तर याहून सोपी युक्ती कोणती? नवरा म्हणाला, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मी म्हटलं, कावळा कोण ते मला ठाऊक आहे.

सकाळच्या बसनं तेर गाठलं. अंगणात फरशी अजून आली नव्हती. भिंतीकडेला झिनियाची कोवळी रोपं ओळीनं उभी होती. माझा पारा चढला. भावजयीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच मी विचारलं, इथं उगवतं आणि मला दिलेलं उगवत नाही, हे कसं?

ती पदराला हात पुसत पायरीवर बसली. चोरी धरली, असं मला वाटलं.

“आक्का, राग धरू नगा,” ती म्हणाली. “तुमचं बी आत्याबाई तव्यावर भाजून मग द्यायच्या. भाकरी झाल्या की, तापल्या तव्यावर. तुमचंच तेवढं. बाकी बायांला कच्चं.”

मला आधी कळलंच नाही. मग ते पांढरट आठवलं. ज्वारीचं पीठ.

“कशापायी?”

“लेकीला जितं बी दिलं तर लेक पंचमीला कशाला येईल, म्हणायच्या.”

मला रागच आला, आणि तो गेलेल्या माणसावर आल्यामुळं कुठं ठेवावा कळेना. इतकी वर्षं मी माझ्या हाताला दोष देत राहिले. नुसतं ये म्हणाली असती तर मी आले नसते का? मग आठवलं, फोनवर ती ये म्हणायची तेव्हा मी मुलांच्या परीक्षा सांगायचे, पाहुणे सांगायचे. रोपांसाठी मात्र दर पंचमीला हटकून जायचे. मी तिथंच पायरीवर बसून रडले. भावजय बाजूला बसून राहिली. ती पुडी आत्याबाईंच्या हातची होती, ती बदलायचा जीव झाला नाही, असं म्हणाली.

जेवण झाल्यावर मी उठले तेव्हा ती म्हणाली, थांबा, आता मडक्यातलं खरं बी देते, म्हणजे तुम्हाला हेलपाटा नको. बोलणं सरळ होतं, पण ‘हेलपाटा नको’ हे मला टोचलं. ती आत गेली. मडक्यातून चिमूटभर बी काढायला एवढा वेळ का लागावा, हे मी ओसरीवर बसून मोजत होते. शेवटी पुडी घेऊन आली आणि माझ्याकडं न बघता हातावर ठेवली. बसमध्ये मी ती मुठीत धरून बसले. बी हातात होतं आणि माहेर सुटल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन पुन्हा गोणपाट भिजवलं. सवयच तशी. रोज उघडून बघत होते. कोंब येईना. फसवलं, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात उरलेली पुडी खिडकीपाशी नेऊन उघडली. बियांना बारीक पांढरं चिकटलं होतं. वास घेतला. तव्याचा, भाकरीचा वास होता.

तिनं मुद्दाम भाजलं, की मडक्यातलंच बी तसलं होतं, कुणास ठाऊक. फोन करून विचारता आलं असतं. विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय खरा निघावा असं मला वाटत होतं.

नवऱ्याला सांगितलं, पंचमीला मी तेरला जाणार आहे. रोपं आणायला.